सड्यासड्याचा खेकडा वेगळा

पावसाळ्याच्या तोंडाला राजारामपुरीतल्या एखाद्या घरातून खेकड्याच्या रश्श्याचा वास आला, की माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या मास्तरालाही प्राणिशास्त्र आठवते! ओढ्यातली खेकड्याची मादी तुम्ही कधी उलटी करून पाहिली आहे का? (नांग्यांकडे मात्र लक्ष असू द्या.) दिवस योग्य असतील, तर तिच्या पोटाच्या झडपेखाली चिमुकली पिल्ले दाटीने बसलेली दिसतील.

समुद्रातील खेकड्यांचे असे नसते. त्यांच्या अंड्यांतून सूक्ष्म डिंभ निघतात व प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. आपल्या ओढ्यातील पिल्लू डिंभावस्था अंड्यातच उरकते. जिथे आई, तिथेच पिल्लू. परदेशी नद्यांतील क्रेफिश हा खेकड्याचा नातेवाईकही पिल्ले अशीच पोटाशी धरतो.

याचा परिणाम काय होतो? पिशवीत 5 तांबडे व 5 पांढरे मणी घाला. हे एकाच जनुकाचे दोन प्रकार समजा. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा, मणी परत टाका. असे 10 वेळा करा. तांबडा 7 वेळा आला, तर पिशवीत आता 7 तांबडे व 3 पांढरे ठेवा. ही दुसरी पिढी. असेच पुढे चालू ठेवा. बहुधा वीस पिढ्यांच्या आत एकच रंग उरेल. कोणता, ते निव्वळ योगायोगावर! याला जनुकीय विचलन म्हणतात. शेजारी दुसरी पिशवी ठेवली, तर तिच्यात कदाचित उलटा रंग उरेल. पण दर पिढीला दोन पिशव्यांत एकेक मणी बदलत राहिलात, तर त्या सहसा अशा दुरावत नाहीत.

सह्याद्रीचे जांभ्याचे सडे म्हणजे अशाच सुट्या पिशव्या. मधल्या कोरड्या उतारांमुळे मण्यांची अदलाबदल जवळजवळ होत नाही. त्यात प्रत्येक ठिकाणच्या परिस्थितीची निवड व हजारो पिढ्यांचा काळ मिळवा, म्हणजे नव्या जाती का घडतात ते कळेल. झाडांच्या ढोलीत व खडकांच्या भेगांत राहणाऱ्या रंगीत खेकड्यांची ‘घाटियाना’ ही प्रजाती पाती व शर्मा यांनी 2014 साली वर्णिली. 2016 मध्ये सह्याद्रीतून आणखी पाच नव्या जातींची नोंद झाली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटसाठी खोदकाम झाले आहे. समुद्रकिनाऱ्याचा एखादा तुकडा ओस पडला, तर वाहत आलेले डिंभ तो पुन्हा भरतात. सड्यावरची पिशवी रिकामी झाली, तर तिच्यात मणी टाकायला शेजारून कोणी येत नाही.