कढईतले तेल जाते कुठे?

अंधेरी-ओशिवऱ्याकडच्या नव्या रेस्तराँमध्ये हल्ली मेन्यूकार्डावर एखादे हिरवे पान छापलेले असते. स्ट्रॉ कागदाची, पाणी काचेच्या बाटलीत, उरलेल्या अन्नाचे खत. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या हॉटेलात जेवावे, असे वाटणारा ग्राहक वाढतो आहे, ही चांगलीच गोष्ट. मात्र तळणीच्या तेलाबद्दल या कार्डावर सहसा अवाक्षर नसते. घाटकोपरच्या खाऊगल्लीपासून मुलुंड-बोरिवलीच्या फरसाणवाल्यांपर्यंत उपनगरांचे बाहेरचे खाणे तर याच तेलावर चालते.

तळताना तेल १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. वड्यातले पाणी, हवेतला प्राणवायू आणि ही उष्णता मिळून तेलाचे रेणू मोडतात. काही तुकडे सुटे राहतात, काही एकमेकांना चिकटतात आणि तेल दाट, काळपट होत जाते. या बिघडलेल्या भागाला ‘पोलर संयुगे’ म्हणतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. मोजणेही अवघड नाही. थर्मामीटरसारखे उपकरण गरम तेलात बुडवले की आकडा दिसतो.

एका वड्याने कुणाला काही होत नाही. प्रश्न रोजच्या खाण्याचा आहे. पुन:पुन्हा तापवलेले तेल दिलेल्या प्राण्यांमध्ये रक्तदाब वाढलेला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा झालेली आढळली आहे. माणसांमधला पुरावा इतका थेट नाही, कारण कोणी किती वेळा तापलेले तेल खाल्ले याची नोंद कुठेच नसते. कढईसमोर उभ्या असलेल्या आचाऱ्याचा विचार तर फारच थोडे जण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावरील तळणीचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. धूर खेचणारा पंखा नसलेल्या पोटमाळ्यावरच्या स्वयंपाकघरात तो दिवसभर हाच श्वास घेतो.

मोठ्या हॉटेलाने तेल वेळेवर बदलले म्हणजे विषय संपला, असे मात्र नाही. टाकून दिलेले तेल स्वस्तात छोट्या हॉटेलांकडे, ढाब्यांवर आणि रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे पोहोचते, हे एफएसएसएआयनेच नमूद केले आहे. आत एसीत बसलेल्याला ताज्या तेलातले पदार्थ आणि बाहेरच्या रिक्षाचालकाला तेच तेल दुसऱ्या फेरीत, असा हा व्यवहार. हॉटेलाच्या नैतिकतेची खरी परीक्षा इथे आहे.

ही वाट बंद करण्यासाठी १० ऑगस्ट २०१८ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला. वापरलेले तेल नोंदणीकृत संस्थांनी गोळा करायचे आणि त्यापासून बायोडिझेल बनवायचे. कल्पना तशी जुनीच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते! दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणे आणि उरलेले तेल अशा संस्थेकडेच देणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘वापरलेले तेल कुणाला देता?’ हा प्रश्न ग्राहकाने विचारायला हरकत नाही. नियम पाळणाऱ्याकडे त्याचे उत्तर कागदावर असते.

गाडीवर कागद नसतो, तिथे डोळे आणि नाक वापरावे. तेलातून निळसर-करडा धूर येत असेल, हटता न हटणारा फेस असेल, तळ दिसत नसेल, तर पुढच्या गाडीवर जावे. जुन्या तेलात ताजे ओतल्याने ते सुधारत नाही, उलट ताजेही लवकर बिघडते. घरच्या कढईलाही हेच लागू. तळणीचे तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. दिवाळीच्या चकल्यांचे तेल महिनाभर बरणीत ठेवू नये, आणि सिंकमध्ये तर मुळीच ओतू नये. ते नळीत थिजते.

खरी अडचण ५० लिटरच्या आतल्यांची आहे. वडापाववाल्याला तेलाचा १५ लिटरचा डबा हाच मोठा खर्च; कढईतले उरलेले ओतून देणे म्हणजे दिवसाची कमाई ओतणे. चार-पाच लिटरसाठी गोळा करणारी गाडी त्याच्यापाशी थांबत नाही. एका गल्लीतल्या दहा-पंधरा गाड्यांनी मिळून एक पिंप ठेवले, तर मात्र ती थांबू शकेल. आणि त्या तेलाला थोडा का होईना, पण भाव मिळेल.