पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा

सीईटीचा निकाल लागला की नागपुरात धरमपेठ-नंदनवनच्या क्लासेसबाहेर पालकांचं बोलणं साधारण असं चालतं. "भाऊ, किती आले मग तुमच्या पोराला?" "ब्याण्णव." "मस्तच की. आमच्या पोरीला सत्त्याऐंशी. दहावीत तर तिला त्र्याण्णव होते हो भाऊ, घसरली की काय?" काळजी खरी आहे, तुलना मात्र चुकीची. दहावीचे ९३ हे शंभरापैकी मिळवलेले गुण होते. सीईटीचे ८७ हे गुणच नाहीत. शाळेत इतकी वर्षं टक्केवारी पाहिलेल्या आईवडिलांचा इथे गोंधळ होतो, आणि त्या गोंधळातूनच पुढे प्रवेशाचा फॉर्म चुकीचा भरला जातो. म्हणून हे मुळापासून समजून घेऊ.

परीक्षा आधी. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी या शाखांसाठीची एमएचटी-सीईटी राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा. वेळ दीड-दीड तासाच्या दोन भागांत वाटलेला असतो, त्यामुळे फिजिक्स लवकर संपलं म्हणून तो वेळ गणिताला वापरता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर, बाकीचे बारावीवर.

ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते. चार लाखांहून जास्त मुलं एकाच वेळी बसवता येतील इतके संगणक एका दिवशी मिळत नाहीत, म्हणून ती अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कितीही काळजी घेतली तरी एखादा पेपर सोपा जातो, एखादा अवघड. अवघड पेपर आलेल्या मुलावर अन्याय होऊ नये, यासाठी गुणांची थेट तुलना न करता प्रत्येक मुलाची तुलना फक्त त्याच्या सत्रातल्या मुलांशी करतात. आपल्या सत्रात किती मुलांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, ते मोजायचं. त्याला सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे पर्सेंटाइल. ती रांगेतली जागा आहे: मागे किती उभे आहेत ते सांगते, तुम्ही किती अंतर चाललात ते सांगत नाही.

समजा सकाळच्या सत्रात २०,००० मुलं बसली. एका मुलीला २०० पैकी ११८ गुण मिळाले आणि तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण असलेली मुलं, तिला धरून, १८,६०० निघाली. तिचं पर्सेंटाइल झालं ९३. दुपारचा पेपर कठीण होता. तिथल्या २०,००० मुलांत एका मुलाला १०४ गुण पडले, पण त्याच्याइतके किंवा कमी गुणवाले १८,८०० होते. त्याचं पर्सेंटाइल ९४. चौदा गुण कमी असूनही तो एका पायरीने पुढे, आणि हे बरोबरच आहे. प्रत्येक सत्रातल्या पहिल्या मुलाला १०० पर्सेंटाइल मिळतं, म्हणून निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत १०० वाले एकापेक्षा जास्त दिसतात. त्यांना २०० पैकी २०० पडलेलेच असतात असं नाही. स्कोअर दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत काढतात, कारण इतक्या मुलांत बरोबरी टाळायला तेवढी बारकाई लागते.

पुढचा घोटाळा नेहमीचा. निकालपत्रावर तीन विषयांचं पर्सेंटाइल वेगवेगळं असतं आणि एकूण वेगळं. पालक तिन्हींची बेरीज करून तीनने भागतात, उत्तर जुळत नाही आणि संगणकाची चूक झाली असं वाटतं. चूक नसते. एकूण पर्सेंटाइल ही विषयांची सरासरी नसून एकूण गुणांवरून नव्याने काढलेली जागा असते. गणिताला दुप्पट वजन असल्यामुळे गणितात चांगली आणि रसायनात कच्ची मुलगी एकूणात तिच्या सरासरीहून वर जाऊ शकते.

अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची गोष्ट मला पुढची वाटते. मुलं गुणांच्या पट्टीवर सारखी पसरलेली नसतात. मधल्या भागात दाटी असते, टोकाला विरळ. त्यामुळे ६० ते ८० पर्सेंटाइलच्या पट्ट्यात आणखी पाच-सहा प्रश्न बरोबर आले तर मूल हजारोंना मागे टाकतं. ९९ च्या पुढे तेवढ्याच प्रश्नांत आकडा दशांशाने हलतो. सत्तरच्या आसपास असलेल्या मुलाला "आता काय होणार" असं म्हणणारे आईवडील हेच विसरतात. त्याच्यासाठी थोडी सुधारणा सर्वांत जास्त फळ देणारी आहे, आणि त्यालाच घरात सर्वांत कमी धीर दिला जातो.

पर्सेंटाइलवरून राज्यातला अंदाजे क्रमांकही घरी काढता येतो. १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, १०० ने भागा, एकूण परीक्षार्थींनी गुणा. सव्वाचार लाख मुलं बसली असतील तर ९९ म्हणजे साधारण ४,२५० वा क्रमांक, ९० म्हणजे ४२,५०० वा. देशपातळीवरच्या जेईई मेनला २०२५ मध्ये दोन्ही सत्रं मिळून चौदा लाखांहून जास्त मुलं बसली होती. तिथे ९९ म्हणजे देशात चौदा हजारांच्या पुढचा क्रमांक. दोन्ही परीक्षांचे ९५ शेजारी ठेवून "जेईईपेक्षा सीईटी बरी गेली" असं म्हणता येत नाही. रांगा वेगळ्या, रांगेतली माणसंही वेगळी.

जेईई मेन एनटीए घेते, जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा. ७५ प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. पेपर मराठीतही उपलब्ध असतो. २०२६ पासून सीईटीही वर्षातून दोनदा घेण्याचं आणि सरस स्कोअर धरण्याचं शासनाने जाहीर केलं. मेडिकलच्या नीटची गोष्ट निराळी: एकच दिवस, एकच सत्र, कागदावर, १८० प्रश्न, ७२० गुण. सत्रंच नसल्यामुळे तिथे गुण थेट मोजतात. पर्सेंटाइलचा उपयोग फक्त पात्रतेची रेषा ठरवायला, खुल्या गटासाठी ५०, राखीव गटांसाठी ४०. नुसतं पात्र ठरणं आणि नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला जागा मिळणं यांत फार मोठं अंतर आहे, हे मुलाला आधीच सांगितलेलं बरं.

सत्रनिहाय पद्धतीचा दुबळेपणाही नोंदवायला हवा. पेपरच सदोष निघाला तर गणित कोलमडतं. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका होत्या, आणि त्या सत्रातल्या मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. मुलांना पुन्हा बसायला लावणं क्लेशाचं होतं, पण दुसरा न्याय्य मार्ग नव्हता.

आता एक बाब, जी क्लासवाले सांगत नाहीत आणि जी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ठरून जाते: मूल बारावी कुठून पास होतं. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात, आणि गृहराज्य राहत्या घरावरून नव्हे, बारावी कुठल्या राज्यातून पास झालात त्यावरून ठरतं. कोट्याला पाठवून तिथल्याच शाळेतून बारावी दिली, तर बजाजनगरला घर असलेलं मूल व्हीएनआयटीच्या दारात राजस्थानचं ठरतं. मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. सरकारी नोकरीतल्या बदल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू आहेत असं गृहीत धरू नका.

राज्यातल्या इंजिनिअरिंगमध्येही हेच सूत्र लहान प्रमाणात आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे येतात. बारावी लातूरहून केली की हे गृहक्षेत्र बदलतं. मेडिकलमध्ये मात्र विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असा जो ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. जुन्या आठवणीवरून सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना हे सांगावं लागतं.

प्रवेशाच्या फेऱ्यांना कॅप राउंड म्हणतात. मागच्या वर्षाची कटऑफ यादी उघडली की जीओपनएच, एलओपनएच, जीओपनओ अशा रकान्यांनी डोकं गरगरतं. उलगडा सोपा आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला शब्द प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. आपल्या मुलीचा रकाना कोणता ते एकदा ठरवा आणि तेवढाच पाहा. शेजारच्या मुलाला त्याच कॉलेजात कमी पर्सेंटाइलवर जागा कशी मिळाली, याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

पर्यायांचा क्रम लावताना एक भीती सगळ्यांना असते: मोठं कॉलेज वर टाकलं तर खालचं हातचं जाईल. तसं होत नाही. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली बघत पहिली रिकामी जागा देतो. वरचे पर्याय हुकले म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून क्रम आवडीचा हवा, भीतीचा नको. मात्र २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच प्रवेश कायम. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी कायम. पुढच्या फेऱ्यांची दारं तिथे बंद होतात. तेव्हा वरच्या सहांत, केवळ क्लासच्या सरांनी सांगितलं म्हणून, मुलाला नको असलेली एकही शाखा नसावी. नियम दरवर्षी थोडे बदलतात. माहितीपुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

कागदपत्रांवरून गेलेल्या जागा पर्सेंटाइलवरून गेलेल्या जागांपेक्षा जास्त जिव्हारी लागतात. जात पडताळणीचा अर्ज मूल बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. ते नसलं तर मूल खुल्या गटात मोजलं जातं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे. फीच्या धास्तीने मुलीचं नाव यादीतून खोडण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढा.