बाळाचं वजन, आईचं ताट

बाळ अडीच किलोचं जन्मलं की सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत पहिला सवाल सुनेलाच होतो, "नऊ महिने काही खाल्लंस की नाही?" आणि त्याच बाळाला पुढं चाळिशीत साखर निघाली, तर "खानदानातच आहे, नशीब" म्हणून विषय संपतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं संशोधन नेमकं या दोन वाक्यांच्या मधलं आहे.

त्यांच्याकडे येणारे मधुमेही पुस्तकातल्यासारखे लठ्ठ आणि वयस्कर नसत. दिसायला बारीक, वयानं तरुण. २००४ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

ही चरबी येते कधी? उत्तर शोधायला त्यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. दिवस जाण्याआधीपासून स्त्रियांची वजनं घेतली, ताटात काय असतं ते लिहिलं, मग बाळं मोजली. इंग्लंडची बाळं सरासरी साडेतीन किलोची, ही २.७ किलोच्या आसपास. मात्र या लहानशा बाळांचे स्नायू जितके कमी, तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. आईच्या रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. साधारण दोन-तृतीयांश बायकांना बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. (म्हणून फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी त्या लागतातच.)

आईच्या ताटाचा मुलाच्या जीनशी संबंध कसा? उर्दू वाचणाऱ्या घरांना हे समजावणं सोपं आहे. अलिफ आणि सीन लिहा. अलिफखाली ज़ेर दिली तर 'इस', वर पेश दिला तर 'उस'. अक्षरं तीच, वाचन बदललं. डीएनएची अक्षरंही आईबापांकडून येतात तशीच राहतात, पण त्यांवर मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण बसते. जीनच्या सुरुवातीला अशा खुणा दाटल्या की तो जीन बहुधा गप्प होतो. या खुणांसाठी लागणारं मिथाइल तयार व्हायला शरीराला फोलेट आणि बी-१२ दोन्ही हवेत. हैदराबादच्या सीसीएमबीमधील डॉ. गिरिराज चांडक यांनी याज्ञिकांच्या सोबतीनं तपासलं, तेव्हा बी-१२ दिलेल्या मुलांच्या डीएनएवरच्या काही खुणा बदललेल्या आढळल्या. त्यांतले काही जीन मधुमेहाशी संबंधित होते.

बी-१२ दूध, अंडी, मासे, गोश्त यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. आपल्याकडे तर गोश्त शिजतं, मग काळजी कसली, असं कुणी म्हणेल. शिजतं खरं, पण दस्तरखानावर शेवटी कोण बसतं? बोट्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात गेल्यावर दुल्हनला उरतो तो रस्सा. दूध चहापुरतं. आणि ती या घरात आली तेव्हा तिच्या शरीरातला साठा माहेरच्या ताटानं आधीच ठरवलेला असतो. पहिल्या महिन्यात, दिवस गेलेत हे कळायच्या आतच, बाळाच्या डीएनएवरच्या खुणा पुसून नव्यानं बसू लागतात. तिला दोष देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

म्हणूनच याज्ञिकांनी २०१२ मध्ये सुरू केलेला पुढचा प्रयोग गरोदर बायकांवर नव्हता. त्या सहा गावांत जन्मलेली तीच बाळं आता सतरा-अठराची झाली होती. त्यांना लग्नाच्या कितीतरी आधीपासून बी-१२ ची छोटी गोळी रोज द्यायला सुरुवात झाली, मुलींना आणि मुलग्यांनाही.