तेवीस वर्षांनी मिटलेले खाते

व्यापारात एखादे जुने येणे बुडीत मानून वहीतून काढून टाकावे लागते. मनातून मात्र ते निघत नाही. क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या मनात असे एक खाते १९९९ पासून उघडे होते.

पंडितांचा जन्म मुंबईत ३० सप्टेंबर १९६१ रोजी झाला. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते घडले. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून १९८६ मध्ये लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्यांच्या वाट्याला अवघ्या ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने आले. संघात किरण मोरे असल्याने यष्टीमागची जागा क्वचितच मोकळी होई. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशाचे नेतृत्व स्वीकारले.

१९९८-९९ च्या हंगामात त्यांचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर यजमान कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडीही मिळाली. सामना अनिर्णित राखला असता, तरी करंडक मध्य प्रदेशाचाच होता. परंतु अखेरच्या दिवशी विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हरला. हाती आलेले यश कर्णधाराच्या डोळ्यांदेखत निसटले.

खेळाडू म्हणून जे साधले नाही, ते पुढे प्रशिक्षक म्हणून साधत गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. तेव्हा पंडित विदर्भाकडे गेले.

पैनगंगेपलीकडचा हा प्रदेश आपल्या हिंगोलीकरांना परका नाही. वाशीम-पुसदशी आपले रोजचे व्यवहार आणि सोयरिकी आहेत. त्या विदर्भाने तोवर रणजी करंडक एकदाही जिंकला नव्हता. पंडितांच्या पहिल्याच हंगामात उपान्त्य फेरीत कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी मात करून, फैज फजलच्या नेतृत्वाखाली संघाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरमध्ये दिल्लीला ९ गडी राखून हरवले. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून करंडक राखलाही. एकदा मिळालेले यश योगायोग म्हणता येते. दुसऱ्यांदा मिळाले, की त्यामागची शिस्त मान्य करावी लागते.

ही शिस्त कडक असते. वेळ चुकवणे, सरावात टाळाटाळ करणे त्यांना चालत नाही. मध्य प्रदेशाचा कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला स्वतःच्या लग्नासाठीही दोनच दिवसांची रजा मिळाल्याचे पंडितांनीच सांगितले होते. घराघरांत लग्नसराईचा थाट पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे कठोर वाटेल. पुढे कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक असताना एका परदेशी खेळाडूने या करडेपणावर जाहीर टीकाही केली. ती अगदीच अनाठायी नव्हती. नावाजलेल्या, अनुभवी माणसांना प्रत्येक गोष्टीत बांधून ठेवता येत नाही. तरीही त्याच संघाने २०२४ मध्ये आयपीएलचे विजेतेपद पटकावले.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक म्हणून परतले. दोन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, तेच चिन्नास्वामी मैदान आणि पुन्हा अंतिम सामना. समोर होती त्यांची मुंबई. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांमुळे मध्य प्रदेशाने पहिल्या डावात १६२ धावांची आघाडी घेतली. आघाडी घेऊनही कसे हरता येते, हे प्रशिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? या वेळी सामना हातातून सुटला नाही. ६ गडी राखून विजय मिळाला आणि मध्य प्रदेश या नावाने राज्याने प्रथमच करंडक उंचावला. एरवी भावना न दाखवणाऱ्या पंडितांना त्या दिवशी मैदानावर अश्रू आवरले नाहीत.

त्या विजयात पंडितांची स्वतःची एकही धाव नव्हती. आपल्या पेढ्यांवरही पुढची पिढी बसू लागली आहे. आपले अपुरे राहिलेले काम मुलांकडून पुरे व्हावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. पण त्यासाठी आधी त्यांना वेळ, शिक्षण आणि विश्वास द्यावा लागतो. आणि डाव त्यांच्या हाती आल्यावर आपण सीमारेषेबाहेर बसायलाही शिकावे लागते.