नाडी बेताल, जिवाला धाप

जिना चढताना धाप लागली की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. अशा रुग्णाचे मनगट मी आधी हातात घेतो. निरोगी प्रौढाची नाडी बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० वेळा, नेमाने पडते. ती भरभर आणि कसलाच ताल न धरता पडत असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे.

बऱ्याचदा या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. त्यामुळे खालचे कप्पे वेडेवाकडे धावतात. त्यांत रक्त भरायला पुरेसा वेळ मिळत नाही. ते मागे फुप्फुसात तुंबते आणि दम लागतो. वाढलेला रक्तदाब, थायरॉईडचा अतिरेक, मद्यपान ही त्याची काही कारणे. आपल्याकडे आणखी एक कारण आढळते : लहानपणी सांधे सुजवून गेलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप.

मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन यांपैकी योग्य ती गोळी देऊन डॉक्टर हृदयाची गती आवरतात. काहींना भूल देऊन विजेच्या झटक्याने ताल पूर्ववत करावा लागतो. दम कमी होतो, रुग्ण खूश होतो आणि गोळ्या बंद करतो. खरा धोका येथेच आहे!

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते. त्याची गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. ही शक्यता अशा रुग्णांत सुमारे पाचपट असते. म्हणून बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. झडप बरीच अरुंद असेल किंवा धातूची बसवलेली असेल, तर वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल हीच जुनी औषधे योग्य. ती घेताना आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी. अरुंद झडपेच्या रुग्णात हा आकडा सहसा २ ते ३ दरम्यान ठेवतात. पालेभाजी सोडू नये, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. इतर अनेकांना अपिक्साबानसारखी नवी गोळी चालते. तिला ही तपासणी लागत नाही.

अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. शौचास काळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बसल्या जागी दम लागला, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली तर तडक रुग्णालयात जा. आणि बरे वाटते म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही थांबवू नका.