तिसरा रिचर्ड: रंगमंचावरचा आणि मातीखालचा

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला आणि गादी ट्यूडर घराण्याकडे गेली. लोकांच्या मनातला रिचर्ड मात्र शेक्सपिअरने घडवला: पाठीला कुबड, वाळलेला हात, गादीसाठी कोवळ्या पुतण्यांचा जीव घेणारा चुलता. नाटकाला आधार टॉमस मोर, हॉलिनशेड अशांच्या वृत्तान्तांचा. ते ट्यूडर अमदानीतले, म्हणजे जेत्यांच्या बाजूचे. लॉरेन्स ऑलिव्हिए (१९५५) आणि इयन मॅकेलन (१९९५) यांनी हाच खलनायक पडद्यावर आणला. मॅकेलनच्या चित्रपटात तर तो १९३०च्या दशकातला हुकूमशहा आहे.

जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) या कादंबरीने पारडे फिरवले. इस्पितळात खाटेवर पडलेला पोलीस इन्स्पेक्टर रिचर्डचे चित्र न्याहाळतो, जुनी कागदपत्रे मागवतो आणि त्याला निर्दोष ठरवतो. युक्तिवाद एकतर्फी आहे, पण पुरावा कसा तपासावा याचा इतका रंजक धडा पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळेल. पुतण्यांचे नेमके काय झाले, हे कोडे अजून सुटलेले नाही.

२०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. मातृवंशाच्या डीएनएनेही ओळखीला दुजोरा दिला. कणा एका बाजूला वाकलेला होता. वाळलेल्या हाताची खूण मात्र नव्हती. २०१५ मध्ये लेस्टर कॅथीड्रलमध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. या शोधावरही २०२२ मध्ये ‘द लॉस्ट किंग’ हा चित्रपट आला.