पडीक भूखंडावरील बाग आणि जमिनीचा हक्क

न्यूयॉर्कमधील बॉवरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या ‘ग्रीन गुरिल्लाज्’ या स्वयंसेवक गटाने स्वच्छ करून तेथे भाजीपाल्याचे वाफे तयार केले. १९७४ मध्ये नगर प्रशासनाने ही जागा त्यांना दरमहा १ डॉलर भाड्याने दिली. पुढे शहरात अशा अनेक बागा उभ्या राहिल्या. मात्र बहुतांश जमिनीची मालकी प्रशासनाकडेच होती. १९९९ साली महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने १०० हून अधिक बागांच्या जागा लिलावात काढल्या. नागरिकांनी निदर्शने केली, प्रकरण न्यायालयातही गेले. अखेर लिलावापूर्वीच दोन सेवाभावी संस्थांनी या जागा विकत घेतल्याने बागा वाचल्या. श्रमदानातून बाग फुलते. ती टिकवण्यासाठी मात्र जमिनीवरील हक्क सुरक्षित असावा लागतो, हेच यातून स्पष्ट होते.